सेल्युलर संपर्क मॉड्युलसाठी अँटेना कसा असावा?

प्रवासी बसमधील आपत्कालीन बटण दाबले की गाडीत बसविलेल्या एका लहान पेटीतून नियंत्रण कक्षाकडे संदेश निघतो. बस त्या क्षणी कोठे आहे, ही माहिती संदेशासोबत जाते. पेटीच्या आत सेल्युलर मॉड्युल असते. ते भ्रमणध्वनीप्रमाणेच जवळच्या मनोऱ्याशी संपर्क साधते. मात्र संदेश प्रत्यक्ष हवेत सोडण्याचे काम मॉड्युल करीत नाही, ते अँटेना करतो. अँटेना सदोष असेल तर बटण दाबले जाते, दिवा लागतो, मॉड्युलही आपले काम चोख करते. परंतु संदेश मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नियमानुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांमध्ये स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचे करण्यात आले. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना त्यातून वगळण्यात आले आहे. या यंत्रांसाठीचे ‘एआयएस १४०’ हे मानक पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अर्थात ‘एआरएआय’ या संस्थेने प्रकाशित केले आहे. दुसरीकडे, वीज वितरण क्षेत्राच्या सुधारणेसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या योजनेत सुमारे २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. अशा अनेक मीटरमध्येही सेल्युलर मॉड्युल असते. ग्राहकाने पैसे भरल्यानंतर वीज पुन्हा जोडण्याचा आदेश मीटरपर्यंत पोहोचला नाही, तर पैसे भरूनही घरात अंधार राहतो.

यंत्रांचा यंत्रांशी होणारा हा संवाद इतका वाढला आहे की, दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये अशा जोडण्यांसाठी १३ आकडी क्रमांकांची स्वतंत्र व्यवस्था लागू केली. या संवादात अँटेनाचे स्थान नेमके काय आहे आणि त्याची रचना करताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात, याची ही माहिती.

मॉड्युलची जबाबदारी कोठे संपते?

सेल्युलर मॉड्युल म्हणजे टपाल तिकिटाच्या आकाराचा एक तयार सुटा भाग. त्यात रेडिओ, प्रोसेसर, स्मृती आणि शक्तिवर्धक एकत्र बसविलेले असतात. उपकरण तयार करणारी कंपनी हा भाग विकत घेऊन आपल्या सर्किट बोर्डवर जोडते. मॉड्युल तयार करणाऱ्या कंपनीने त्याच्या चाचण्या आधीच करून प्रमाणपत्रे मिळविलेली असतात. त्यामुळे ‘प्रमाणित मॉड्युल घेतले, आता संपर्काची काळजी नाही’ असा समज सहज होतो.

हा समज अर्धवट खरा आहे. मॉड्युलची शक्ती आणि संवेदनशीलता त्याच्या अँटेना जोडण्याच्या टोकापाशी मोजलेली असते. ही मोजणी प्रयोगशाळेत केबल जोडून केली जाते. तेथे अँटेना नसतो, प्लास्टिकची पेटी नसते, शेजारी बॅटरी नसते आणि वर लोखंडी पत्राही नसतो. त्या टोकाच्या पुढील सारा प्रवास ही उपकरणाच्या रचनाकाराची जबाबदारी ठरते. बोर्डवरील तांब्याची रेघ, जुळणीचे घटक, केबल, अँटेना आणि पेटी या प्रत्येक टप्प्यावर शक्ती गळू शकते.

एलटीई, म्हणजे चौथ्या पिढीच्या सेवेत उपकरणाची कमाल प्रक्षेपण शक्ती सर्वसाधारणपणे २०० मिलिवॅट असते. मनोऱ्यावरील प्रक्षेपक मात्र काही दहा वॅट शक्तीने बोलत असतो. म्हणजे मनोऱ्याचा आवाज मोठा आणि उपकरणाचा आवाज मुळातच लहान असतो. आपत्कालीन संदेश उपकरणाकडून मनोऱ्याकडे, म्हणजे दुबळ्या बाजूकडून जायचा असतो. यामुळेच उपकरणाला मनोऱ्याचा संकेत मिळत असूनही त्याचा संदेश वर न पोहोचण्याचे प्रकार घडतात.

लांबीचा हिशेब

अँटेनाचा आकार तरंगलांबीवर ठरतो. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. या वेगाला वारंवारितेने भागले की तरंगलांबी मिळते. साधा उभा अँटेना चांगले काम करण्यासाठी सुमारे तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका लांब असावा लागतो.

आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या केंद्रांचे उंच मनोरे अनेकांनी पाहिले असतील. तेथे तो लोखंडी मनोरा स्वतःच अँटेना असतो. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर असते आणि तिचा चौथा हिस्सा ७५ मीटर होतो. याउलट आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात ज्या लहरींवर प्रयोग केले, त्यांची लांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आलेली होती. त्यामुळे नरसाळ्याच्या आकाराच्या अँटेनासह त्यांची सर्व उपकरणे एका टेबलावर मावत असत.

सेल्युलर सेवा या दोन टोकांच्या मध्ये येते. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबीचा चौथा हिस्सा सुमारे १०.७ सेंटीमीटर, ९०० मेगाहर्ट्झला ८.३ सेंटीमीटर, १८०० मेगाहर्ट्झला ४.२ सेंटीमीटर आणि २३०० मेगाहर्ट्झला सुमारे ३.३ सेंटीमीटर भरतो. एकाच उपकरणाला या सर्व पट्ट्यांत काम करावयाचे असते. परिणामी अँटेनाला एकाच वेळी लांब आणि आखूड अशा दोन्ही लहरींशी जुळवून घ्यावे लागते.

अँटेना दुमडून, नागमोडी करून किंवा सिरॅमिकच्या लहान तुकड्यात बसवून लहान करता येतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लॅन जेन चू यांनी १९४८ मध्ये लहान अँटेनांच्या मूलभूत मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. लहान आकार, रुंद वारंवारिता पट्टा आणि चांगली कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरीत घट सोसावी लागते. ही निसर्गनियमाची मर्यादा आहे. जाहिरातीत काहीही लिहिले असले तरी कोणत्याही कारखान्याला ती ओलांडता येत नाही.

भारतातील पट्टे कोणते?

अँटेना निवडताना पहिला प्रश्न असा की, उपकरण कोणत्या देशात आणि कोणत्या पट्ट्यांत काम करणार आहे. भारतात २०२२ च्या लिलावात ६००, ७००, ८००, ९००, १८००, २१००, २३००, २५०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ तसेच २६ गिगाहर्ट्झ असे पट्टे ठेवण्यात आले होते. मीटर आणि वाहनांतील यंत्रांच्या दृष्टीने त्यांतील मधले पट्टे महत्त्वाचे ठरतात.

तांत्रिक भाषेत सांगायचे तर, पट्टा २८ हा ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, पट्टा ५ हा ८२४ ते ८९४, पट्टा ८ हा ८८० ते ९६०, पट्टा ३ हा १७१० ते १८८०, पट्टा १ हा १९२० ते २१७० आणि पट्टा ४० हा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान आहे. काही पट्ट्यांत उपकरणाकडून मनोऱ्याकडे जाणारा भाग आणि मनोऱ्याकडून येणारा भाग वेगवेगळा असतो. अँटेनाने या दोन्ही भागांत चांगले काम केले पाहिजे. केवळ मधल्या एका वारंवारितेवर उत्तम निकाल दाखवून भागत नाही.

कमी वारंवारितेच्या लहरी इमारतींच्या आत आणि दूरवर अधिक चांगल्या पोहोचतात. तळघरातील मीटरला किंवा गावापासून लांब असलेल्या पंपाला बहुधा याच पट्ट्यांचा आधार असतो. अडचण अशी की, लहान पेटीत अँटेना बसविताना सर्वांत आधी याच पट्ट्यांतील कार्यक्षमता ढासळते. जेथे गरज सर्वाधिक, तेथेच अँटेना सर्वांत दुबळा पडतो.

जुना अँटेना, नवे मॉड्युल

दुसऱ्या पिढीच्या सेवेवर चालणाऱ्या उपकरणांमध्ये चौथ्या पिढीचे मॉड्युल बसविताना एक चूक सहज होऊ शकते. मॉड्युल बदलले जाते, अँटेना मात्र तोच ठेवला जातो. दोघांचा कनेक्टर सारखाच असतो, अँटेना सहज बसतो आणि टेबलावर, मनोरा जवळ असताना, संपर्कही होतो.

परंतु जीएसएमसाठीचा पारंपरिक अँटेना ८२४ ते ९६० आणि १७१० ते १९९० मेगाहर्ट्झ या दोन भागांसाठी जुळविलेला असतो. पट्टा २८ आणि पट्टा ४० या दोन्हींतून वगळले जातात. भारत संचार निगम लिमिटेडच्या सप्टेंबर २०२५ मध्ये देशाला अर्पण करण्यात आलेल्या स्वदेशी चौथ्या पिढीच्या सेवेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. २३०० मेगाहर्ट्झवर तर भारतातील चौथ्या पिढीच्या सेवेचा प्रारंभच २०१२ मध्ये कोलकात्यात झाला होता. म्हणजे जुना अँटेना नेमक्या त्या पट्ट्यांत बहिरा ठरतो, ज्यांच्यासाठी नवे मॉड्युल घेतलेले असते.

परदेशी बाजारपेठेसाठी तयार झालेल्या अँटेनांनाही हीच गोष्ट लागू होते. युरोपातील ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा ७९१ ते ८६२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान आहे. भारतात ‘८०० मेगाहर्ट्झ’ या नावाने ओळखला जाणारा पट्टा मात्र ८२४ पासून ८९४ पर्यंत जातो. नाव एकच असले तरी जागा वेगळी आहे. त्यामुळे ‘४जी अँटेना’ एवढ्या शब्दांवर विसंबून न राहता, प्रत्येक पट्ट्यातील कार्यक्षमतेचा आलेख विक्रेत्याकडून मागविणे आवश्यक ठरते.

न दिसणारा अर्धा भाग

लहान अँटेनाच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे ‘ग्राउंड’. तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याचा अँटेना हा प्रत्यक्षात अर्धाच अँटेना असतो. उरलेले अर्धे काम सर्किट बोर्डवरील तांब्याचा सलग थर करतो. अँटेनातील विद्युतप्रवाहाचे प्रतिबिंब या थरात उमटते आणि दोघे मिळून लहरी निर्माण करतात.

याचा अर्थ असा की, बोर्डची लांबी हीदेखील अँटेनाच्या रचनेचाच भाग आहे. सुमारे १० सेंटीमीटर लांबीच्या बोर्डवर चांगले काम करणारा सिरॅमिक अँटेना ४ सेंटीमीटरच्या बोर्डवर ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बरीच कार्यक्षमता गमावतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकडे त्याच्या स्वतःच्या चाचणी बोर्डवर मोजलेले असतात. तो बोर्ड किती लांब होता, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नसतो.

खुद्द अँटेनाच्या खाली आणि आजूबाजूला मात्र तांबे नको असते. बोर्डच्या सर्व थरांवर तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. अँटेना बोर्डच्या कडेला किंवा कोपऱ्यात बसवावा, बॅटरी, पडदा, स्क्रू आणि ध्वनिवर्धक त्याच्यापासून दूर ठेवावेत, हा संकेत त्यातूनच आला आहे. ही मोकळी जागा रचनेच्या पहिल्या दिवशी राखून ठेवली नाही, तर शेवटच्या दिवशी ती कोठूनही मिळत नाही.

५० ओहमची जुळणी

मॉड्युलचे अँटेनाचे टोक ५० ओहम इम्पिडन्ससाठी तयार केलेले असते. इम्पिडन्स म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. मॉड्युल, बोर्डवरील रेघ, केबल आणि अँटेना या सर्वांचा इम्पिडन्स सारखा असेल तर शक्ती पुढे सरकते. तो वेगळा असेल तर काही शक्ती परत फिरते. रुंद पन्हाळीतून वाहणारे पाणी अचानक अरुंद नळीपाशी आले की काही मागे उसळते, तसाच हा प्रकार आहे.

ही परतफेड मोजण्याच्या मापाला ‘व्होल्टेज स्टँडिंग वेव्ह रेशो’ म्हणतात. ते १ असेल तर जुळणी परिपूर्ण असते. ते २ असेल तर सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते आणि ३ असेल तर २५ टक्के. अनेक मॉड्युलांच्या मार्गदर्शक पुस्तिका हे माप २ किंवा त्याहून कमी ठेवण्याची सूचना करतात. जुळणी सुधारण्यासाठी मॉड्युल आणि अँटेना यांच्यामध्ये तीन लहान घटकांची जागा बोर्डवर आधीच सोडतात. पेटी तयार झाल्यावर त्या जागी योग्य मूल्याचे कपॅसिटर आणि इंडक्टर बसविले जातात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. जुळणी चांगली असणे म्हणजे अँटेना चांगला असणे नव्हे. ५० ओहमचा साधा रोधक जोडला तरी जुळणी परिपूर्ण दिसते. मात्र तो सर्व शक्तीची उष्णता करतो आणि लहरी जवळजवळ मुळीच सोडत नाही. म्हणून जुळणीसोबत कार्यक्षमता, म्हणजे दिलेल्या शक्तीपैकी प्रत्यक्षात किती शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडली, हे वेगळे मोजणे अपरिहार्य असते.

गळतीची बेरीज

अभियंते शक्तीतील घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० डेसिबल घट म्हणजे दहावा हिस्सा. या पद्धतीची सोय अशी की, निरनिराळ्या टप्प्यांवरील घट सरळ बेरीज करून कळते.

समजा, एका उपकरणात जुळणीतील दोषामुळे अर्धा डेसिबल, केबलमध्ये १ डेसिबल आणि केवळ २५ टक्के कार्यक्षम अँटेनामुळे ६ डेसिबल घट झाली. एकूण घट साडेसात डेसिबल होते. मॉड्युलमधून निघालेल्या २०० मिलिवॅटपैकी सुमारे ३५ मिलिवॅट हवेत पोहोचतात. मोकळ्या मैदानातही अशा उपकरणाची पोहोच निम्म्याहून कमी होते. हाच अँटेना ऐकण्याचेही काम करीत असल्याने, येणारा संकेतही जवळपास त्याच प्रमाणात क्षीण होतो.

बाहेरचा अँटेना लावून हा प्रश्न सुटतो, असे नेहमीच म्हणता येत नाही. बारीक लवचिक केबलमध्ये ९०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे सुमारे १ डेसिबल घट होते आणि वारंवारिता वाढली की ती आणखी वाढते. ५ मीटर केबल वापरली तर निम्म्याहून अधिक शक्ती केबलमध्येच संपते. केबल शक्य तितकी आखूड ठेवणे, हाच त्यावरील उपाय आहे.

लहान माहितीसंदेशांसाठी ३जीपीपी या संघटनेने २०१६ मध्ये ‘नॅरोबँड आयओटी’ हे तंत्रज्ञान प्रमाणित केले. जुन्या जीपीआरएस सेवेपेक्षा २० डेसिबल अधिक खोल पोहोच, हे त्याचे उद्दिष्ट होते. हा फायदा मुख्यतः तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवून मिळविला जातो. वाईट अँटेनाने त्यातील साडेसात डेसिबल खाल्ले, तर तळघरापर्यंत पोहोचण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग वाया जातो. पुनरावृत्ती वाढल्यामुळे बॅटरीही लवकर संपते. दहा वर्षे चालावी म्हणून बसविलेल्या पाण्याच्या मीटरच्या बाबतीत ही बाब निर्णायक ठरते.

पेटी, पत्रा आणि हात

अँटेना ज्या वस्तूंच्या सान्निध्यात असतो, त्या त्याची जुळणी बदलतात. प्लास्टिकची पेटी जवळ आली की त्याची नैसर्गिक वारंवारिता थोडी खाली सरकते. त्यामुळे उघड्या बोर्डवर केलेली जुळणी पेटीचे झाकण लावताच बिघडते. काळ्या रंगासाठी कार्बन मिसळलेले प्लास्टिक किंवा धातूचा अंश असलेला रंग लहरी शोषून घेतो अथवा अडवतो.

बंद लोखंडी पेटीतून तर लहरी जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. इमारतींच्या तळमजल्यावर वीज मीटर अनेकदा अशाच पेट्यांमध्ये असतात. तेथे पेटीला प्लास्टिकची खिडकी ठेवणे किंवा अँटेना पेटीबाहेर काढणे, हे दोनच व्यवहार्य मार्ग उरतात. वाहनांमध्ये यंत्र डॅशबोर्डच्या आत, धातूच्या आडव्या दांड्याजवळ बसविले तरी अशीच अडचण येते. यंत्राची रचना उत्तम असूनही ते बसविणाऱ्या कारागिराला अँटेनाची बाजू कोणती हे सांगितलेले नसेल, तर सारे परिश्रम फुकट जातात.

मानवी शरीराचाही परिणाम होतो. ॲपल कंपनीने जून २०१० मध्ये बाजारात आणलेल्या आयफोन ४ मध्ये बाहेरची धातूची पट्टी हाच अँटेना होता. फोन विशिष्ट प्रकारे धरल्यावर हाताने पट्टीतील फट झाकली जाऊन संकेत क्षीण होत असल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीने १६ जुलै २०१० रोजी पत्रकार परिषद घेऊन ग्राहकांना मोफत आवरण देण्याची घोषणा केली. अँटेना वापराच्या प्रत्यक्ष स्थितीत तपासला पाहिजे, हा धडा या घटनेने सर्वांनाच दिला. शरीराजवळ वापरल्या जाणाऱ्या उपकरणांत आरोग्याच्या दृष्टीने मर्यादाही पाळाव्या लागतात. भ्रमणध्वनी संचांसाठी भारतात सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी आहे.

एक अँटेना की दोन?

एलटीईच्या बहुतेक वर्गांत उपकरणाने दोन अँटेनांनी ऐकणे अपेक्षित असते. एका जागी संकेत क्षीण झाला तरी दुसऱ्या जागी तो मिळण्याची शक्यता असते. परंतु दोन्ही अँटेना अगदी शेजारी आणि एकाच दिशेने बसविले तर दोघांना सारखेच ऐकू येते आणि दुसऱ्याचा उपयोग राहत नाही. त्यांच्यात अंतर ठेवणे, एक उभा आणि एक आडवा बसविणे, तसेच दोघांमध्ये पुरेसे विलगीकरण राखणे गरजेचे असते. पाचव्या पिढीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अनेक मॉड्युलांना चार अँटेना लागतात.

लहान उपकरणांत एवढी जागा नसते. म्हणून ‘कॅट १ बिस’, ‘नॅरोबँड आयओटी’ आणि ‘एलटीई एम’ या वर्गांत एकाच अँटेनाची तरतूद करण्यात आली. मीटर आणि स्थानदर्शक यंत्रांसाठी ही सोयीची बाब आहे. मात्र दुसऱ्या अँटेनाचा आधार नसल्याने त्या एकमेव अँटेनाकडून अपेक्षा अधिकच वाढतात.

शेजारी बसलेले इतर रेडिओ

एकाच पेटीत सेल्युलरसोबत वाय-फाय आणि उपग्रहाद्वारे स्थान शोधणारा ग्राहकही असतो. भारतात येथे एक विशेष अडचण आहे. पट्टा ४० हा २४०० मेगाहर्ट्झला संपतो आणि वाय-फायचा पट्टा तेथूनच सुरू होऊन २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. दोघांमध्ये कुंपणच नाही. एक बोलू लागला की दुसऱ्याचे कान बधिर होऊ शकतात. अँटेनांमधील अंतर आणि दर्जेदार फिल्टर हे त्यावरील उपाय आहेत.

जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झवरील संकेत आणि भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झवरील संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेले असतात. शेजारच्या सेल्युलर अँटेनाचा आवाज त्यांना सहज दडपून टाकतो. शिवाय स्थान शोधणाऱ्या अँटेनाचे तोंड आकाशाकडे असावे लागते. आपत्कालीन संदेश पोहोचला, पण त्यात बसचे ठिकाणच चुकीचे असले, तर मदत भलत्याच रस्त्यावर जाईल.

वीजपुरवठ्याकडेही लक्ष द्यावे लागते. जीएसएमवर बोलताना मॉड्युल सेकंदाला सुमारे २१७ वेळा अल्पकाळ मोठा प्रवाह ओढते आणि तो २ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. पुरवठा दुबळा असेल तर मॉड्युल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होते. अँटेनाची जुळणी वाईट असेल तर प्रवाह आणखी वाढू शकतो. त्यामुळे दोष पुरवठ्याचा की अँटेनाचा, हे शोधणे कठीण होते.

चाचणी कशाची करावी?

दूरसंचार विभागाच्या अखत्यारीतील दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रामार्फत संपर्क उपकरणांची सक्तीची चाचणी आणि प्रमाणन केले जाते. स्थानदर्शक यंत्रांची तपासणी ‘एआरएआय’सारख्या संस्थांमध्ये होते. तथापि, आपल्या उपकरणाचा आवाज खरोखर किती दूर जातो, हे शोधून काढण्याची मूळ जबाबदारी निर्मात्याचीच राहते.

त्यासाठी दोन मापे महत्त्वाची मानली जातात. पहिले, पूर्ण बंद केलेल्या उपकरणातून सर्व दिशांना मिळून किती शक्ती बाहेर पडते. दुसरे, सर्व दिशांचा विचार करता ते किती क्षीण संकेत ऐकू शकते. ही मोजणी लहरी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या कक्षात केली जाते. दुसऱ्या मापाचा विशेष उपयोग असा की, उपकरणाच्या स्वतःच्याच प्रोसेसर आणि वीज परिवर्तकाचा गोंगाट अँटेनात शिरत असेल, तर तो त्यात उघड होतो. अँटेना निर्दोष असूनही अशा गोंगाटामुळे उपकरण बहिरे झालेले असू शकते.

थोडक्यात, अँटेनाच्या रचनेचा क्रम असा सांगता येईल. उपकरण कोठे बसणार आणि कोणते पट्टे वापरणार हे आधी ठरवावे. त्यानुसार अँटेना, त्याची जागा आणि बोर्डची लांबी निश्चित करावी. मोकळी जागा आणि जुळणीच्या घटकांची जागा राखून ठेवावी. जुळणी अंतिम पेटीत करावी, आणि चाचणी प्रत्यक्ष बसविण्याच्या स्थितीत घ्यावी. पेटीचा आकार आणि रंग ठरल्यानंतर उरलेल्या कोपऱ्यात अँटेना बसविणे, हा या क्रमाचा नेमका उलटा प्रकार होय.

मीटर आणि वाहनांतील यंत्रे एकदा बसविली की वर्षानुवर्षे तशीच राहतात. मॉड्युलमधील संगणकीय आज्ञावली दुरूनही सुधारता येते. अँटेनाची चुकलेली लांबी मात्र दुरून बदलता येत नाही. त्यासाठी प्रत्येक मीटरपाशी आणि प्रत्येक बसपाशी पुन्हा माणूस पाठवावा लागतो. तोपर्यंत बटण दाबणारा प्रवासी आणि पैसे भरून विजेची वाट पाहणारा ग्राहक, दोघेही त्या काही सेंटीमीटर धातूवर विसंबून असतात.